धुकं, दालन आणि अपुरे पैसे: जुन्या गॉथिक भयपटांत नेमकं काय पाहायचं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पडका वाडा, तळघर, शवपेटी, धुकं, मेणबत्त्या असा सगळा सरंजाम असलेले १९६० च्या आगेमागचे स्वस्तातले गॉथिक भयपट मित्रांच्या आग्रहावरून पाहायला घेतले. काही प्रसंगांनी खिळवून ठेवलं, बाकीचा वेळ हातात फोन घेऊन काढला. मग हे चित्रपट खरंच चांगले आहेत, की जुने म्हणून त्यांचं कौतुक होतं? पाहायचेच तर सुरुवात कुठून करावी आणि कुठली प्रत पाहावी?

मी छायालेखक आहे. मुंबईत मालिका आणि कमी बजेटचे चित्रपट करत आलो. उमेदवारी भुताखेतांच्या मालिकांवर झाली, मढच्या बंगल्यांत, रात्रपाळीच्या शिफ्टमध्ये. त्यामुळे मी उत्तर देतोय ते लाईट लावणाऱ्याच्या जागेवरून. तुम्हाला जे वाटलं ते अगदी बरोबर आहे, आणि त्यात तुमच्या रसिकतेचा काही दोष नाही. त्या चित्रपटांतली दहा विलक्षण मिनिटं आणि मधला रटाळ अर्धा तास, दोन्ही एकाच कारणातून आले आहेत. पैसे थोडे, दिवस थोडे. ते कुठे लावायचे याचा निर्णय कुणीतरी शूटिंगच्या आधीच घेतलेला असतो. जिथे लावले तिथे आजही अंगावर काटा येतो. जिथून काढून घेतले तिथे पडद्यावर सरळ भोक दिसतं.

ब्रिटनमधल्या हॅमर या कंपनीपासून सुरुवात करू, कारण तिथे हा हिशेब सगळ्यात उघडपणे दिसतो. थेम्सच्या काठावर, ब्रे गावाजवळ डाउन प्लेस नावाचं एक जुनं घर होतं. हॅमरने ते घेऊन त्याचाच स्टुडिओ केला. 'द कर्स ऑफ फ्रँकेनस्टाइन' (१९५७) सुमारे ६५ हजार पाउंडांत झाला, आणि पुढच्या वर्षी 'ड्रॅक्युला' ८० हजारांच्या आसपास. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, कॅमेऱ्यावर जॅक ॲशर, कलादिग्दर्शक बर्नार्ड रॉबिन्सन, समोर पीटर कुशिंग आणि ख्रिस्तोफर ली. या मंडळींचं काम पाहताना मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो रॉबिन्सनबद्दल. त्याच्याकडे जागा लहान आणि लाकूड मोजकं. एका चित्रपटातला जिना पुढच्या चित्रपटात उलटा फिरवायचा, खांबांना नवा रंग द्यायचा, ग्रंथालयाचं जेवणघर करायचं. १९६५ मध्ये तर त्यांनी 'ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस' आणि 'रासपुतिन: द मॅड माँक' हे दोन चित्रपट पाठोपाठ एकाच सेटवर काढले. लगेच त्यानंतर 'द प्लेग ऑफ द झाँबीज' आणि 'द रेप्टाइल' यांच्यासाठी कॉर्नवॉलमधलं एकच खेडं उभं केलं आणि दोन्हीकडे वापरलं. चारही चित्रपट १९६६ मध्ये लागले. ओळीने पाहिलेत तर तोच दरवाजा ओळखू येईल.

पण सेट पुन्हा वापरणं ही झाली काटकसर. त्या सेटवर उजेड कसा पडलाय ती कला, आणि ती ॲशरची. त्याआधीच्या कृष्णधवल भयपटांत अंधार हाच मुख्य माल होता. ॲशरला रंगीत फिल्म मिळाली, आणि त्याने मागच्या भिंतींवर, खांबांच्या आडोशाला, पडद्यांच्या चुण्यांत हिरव्या, जांभळ्या, अंबर जेली, म्हणजे दिव्यापुढचे रंगीत पारदर्शक कागद, लावून उजेडाचे तुकडे टाकले. तो हिरवा उजेड त्या दालनात कुठून आला? उत्तर नाही. खिडकी तिथे नाही, मेणबत्ती हिरवी नसते. तरीही डोळा तक्रार करत नाही, उलट ते दालन खोल वाटू लागतं. रंगवलेलं प्लायवूड दगडासारखं वजनदार दिसतं. हे करायला वेळ लागतो. प्रत्येक दिव्याला नको तिथला उजेड अडवणारा कटर, प्रत्येक कटरला जागा, आणि नट हलला की सगळं पुन्हा. ॲशर सावकाश काम करतो अशी कंपनीची तक्रार होती. साठचं दशक सुरू झाल्यावर त्याच्या जागी आर्थर ग्रँट आला. ग्रँट कसलेला आणि वेगवान छायालेखक होता, त्याने हॅमरचे काही चांगले चित्रपट केले. पण १९५८ चा 'ड्रॅक्युला' आणि नंतरचा एखादा ड्रॅक्युला शेजारी ठेवून पाहा. नंतरच्यात खोली नुसती उजळलेली दिसते. वाचवलेले दिवस पडद्यावर असे दिसतात.

त्याच 'ड्रॅक्युला'चा शेवट मी नव्या असिस्टंटना आवर्जून दाखवतो. ड्रॅक्युलाच्या मागावर असलेला कुशिंग लांबलचक मेजावरून धावत जाऊन उडी घेतो, खिडकीचे जाड पडदे ओरबाडून काढतो, उन्हाचा पट्टा आत येतो, मग दोन मेणबत्तीदाण्या आडव्यातिडव्या धरून तो क्रूस करतो. यात साहित्य किती? एक मेज, एक पडदा, दोन मेणबत्तीदाण्या, एक मोठा लाईट आणि धावायची तयारी असलेला नट. पटकथेत नेमका प्रसंग सुचला असेल तर पैसे लागत नाहीत याचा याहून चांगला नमुना माझ्या माहितीत नाही. आणि कुशिंग! तो माणूस हातातली प्रत्येक वस्तू, नळी असो, सुरी असो, वही असो, रोज वापरात असल्यासारखी हाताळतो. ड्रॅक्युला झालेल्या लीचा पहिला प्रवेशही पाहाच. जिन्याच्या वर काळी आकृती दिसते, आपण दचकायच्या तयारीत असतो, आणि तो भराभर खाली येऊन अतिशय सभ्यपणे पाहुण्याची विचारपूस करतो. नंतर तोच माणूस लाल डोळे आणि रक्ताळलेलं तोंड घेऊन दारात येतो तेव्हा आधीच्या सभ्यपणाचं भय वाटतं. जेम्स बर्नार्डचं संगीत 'ड्रॅ-क्यु-ला' या नावाच्या उच्चारावरच बांधलंय. ते मात्र मला आजही जरा जास्त ठोकळ वाटतं.

आता याच कंपनीची उघडी पडणारी बाजू. रात्रीची बाहेरची दृश्यं. खरी रात्र शूट करायची तर जनरेटर, मोठे लाईट, रात्रपाळीचे जास्तीचे पैसे. म्हणून डे-फॉर-नाईट: दिवसाच शूट करायचं, एक्स्पोजर कमी ठेवायचं, निळसर फिल्टर लावायचा, सूर्य नटांच्या पाठीमागे ठेवायचा आणि आकाश फ्रेममध्ये येऊ द्यायचं नाही. शेवटची अट पाळली गेली नाही की संपलं. पाइनवुड स्टुडिओजवळच्या ब्लॅक पार्कच्या झाडीत हॅमरच्या घोडागाड्या वर्षानुवर्षं ट्रान्सिल्व्हेनिया म्हणून धावल्या, आणि कैकदा झाडांच्या वर स्वच्छ दुपारचं आकाश दिसतं. संवादात मध्यरात्र असते. तुम्ही फोन हातात घेतलात तो बहुधा अशाच एखाद्या प्रसंगी.

अमेरिकेत रॉजर कॉर्मनने वेगळी वाट काढली. तो ज्या कंपनीसाठी, म्हणजे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्ससाठी, काम करायचा, तिचा ठरलेला धंदा म्हणजे साधारण दहा दिवसांत एक असे दोन कृष्णधवल चित्रपट काढून जोडीने विकायचे. कॉर्मनने सांगितलं, दोघांचे पैसे एकातच घाला, रंगीत आणि रुंद पडद्याचा चित्रपट करू. तो 'हाउस ऑफ अशर' (१९६०), एडगर ॲलन पोच्या कथांवरच्या त्याच्या मालिकेतला पहिला. पंधरा दिवसांचं शूटिंग, तीन लाख डॉलरच्या आसपास खर्च. कंपनीच्या माणसाने विचारलं की यात राक्षस कुठे आहे; कॉर्मन म्हणाला, घर हाच राक्षस. धंद्यासाठी दिलेलं उत्तर असलं तरी सगळं बजेट त्या उत्तरानेच ठरवलं. मुख्य नट चारच. पैसे गेले घरात. डॅनिएल हॅलरने मोठ्या स्टुडिओंतले जुने सेटचे भाग स्वस्तात मिळवून जोडले आणि ते जपून ठेवून पुढच्या चित्रपटांत वाढवत नेले, म्हणून या मालिकेतले वाडे दर चित्रपटागणिक मोठे होत जातात. कॅमेऱ्यावर फ्लॉइड क्रॉस्बी, ज्याला १९३१ च्या 'ताबू'साठी ऑस्कर मिळालं होतं. असा मुरलेला हात असला की पंधरा दिवसांतही कॅमेरा ट्रॉलीवरून शांतपणे फिरतो, घाई दिसत नाही.

सुरुवातीला घोडेस्वार ज्या जळक्या, राखाडी रानातून वाड्याकडे येतो, ते रान सेट नव्हे. हॉलिवूडच्या टेकड्यांवर वणवा लागून गेला होता; कॉर्मन माणसं घेऊन तिथे पोचला, थोडं धुकं सोडलं आणि शॉट घेतले. शेवटी वाडा जळतो तेव्हा जी तुळया कोसळण्याची दृश्यं आहेत ती ऑरेंज काउंटीतल्या एका जुन्या कोठाराची. तसंही ते पाडायचंच होतं. रात्री पेटवून चित्रित केलं. तीच आग पुढच्या काही चित्रपटांतही लागते. मला यात फसवणूक दिसत नाही. वणवा विझल्याची बातमी कळताच गाडीत कॅमेरा टाकून निघणाऱ्या निर्मात्याबरोबर काम करायला कुठलाही छायालेखक आनंदाने तयार होईल.

याच मालिकेतल्या 'द मास्क ऑफ द रेड डेथ'च्या (१९६४) वेळी इंग्लंडमध्ये कॉर्मनला पाच आठवडे मिळाले, मोठ्या चित्रपटांचे उरलेले भक्कम सेट मिळाले, आणि कॅमेऱ्यावर निकोलस रोग. एकामागे एक वेगवेगळ्या रंगांची दालनं त्यात आहेत. दिवस वाढले की काय फरक पडतो हे पाहायचं तर 'अशर'नंतर लगेच हा पाहावा.

पण माझ्या धंद्यातल्या माणसाला खरा गुरू वाटतो तो इटलीचा मारिओ बावा. त्याचे वडील शिल्पकार होते आणि मूकपटांच्या काळात ट्रिक शॉट करायचे. मुलगा त्यातच वाढला. १९५७ चा 'इ व्हँपिरी' दिग्दर्शक रिकार्डो फ्रेडा करत होता, बावा कॅमेरामन. भांडण होऊन फ्रेडा निघून गेला आणि चित्रपट बावाने पुरा केला. त्यात एक तरुण बाई आपल्या डोळ्यांदेखत, शॉट न तोडता, म्हातारी होते. युक्ती अशी: चेहऱ्यावर सुरकुत्या लाल रंगाने रंगवायच्या आणि लाल उजेड टाकायचा. कृष्णधवल फिल्मवर त्या दिसतच नाहीत. मग हळूहळू लाल उजेड काढून हिरवा-निळा आणायचा. लाल रेघा काळ्या पडत जातात आणि चेहरा पिकतो. १९३१ च्या हॉलिवूडमधल्या 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड'मध्येही हीच किमया होती. खर्च म्हणाल तर दोन जेली आणि एक स्थिर हात. रंगीत फिल्मवर ही युक्ती चालत नाही, त्यामुळे ती कृष्णधवलबरोबरच संपली.

तो चित्रपट इटलीत चालला नाही. पुढच्या वर्षी हॅमरचा 'ड्रॅक्युला' तिथे जोरात चालला आणि निर्मात्यांना अचानक गॉथिकची ओढ लागली. त्या लाटेत बावाला स्वतःचं दिग्दर्शन मिळालं: 'ला मास्केरा देल देमोनिओ' (१९६०), जो जगभर 'ब्लॅक संडे' म्हणून ओळखला जातो. बार्बरा स्टील दुहेरी भूमिकेत, एक शतकांपूर्वी मारली गेलेली चेटकीण आणि एक तिचीच वंशज. आतल्या बाजूला खिळे असलेला मुखवटा चेटकिणीच्या तोंडावर ठोकला जातो, हा पहिलाच प्रसंग. ब्रिटनच्या सेन्सॉरने हा चित्रपट १९६८ पर्यंत अडवून ठेवला होता. मला मात्र तो प्रसंग सगळ्यात मोठा वाटत नाही. मध्ये एक घोडागाडी जंगलातून येते, स्लो मोशनमध्ये, धुक्यात, आणि टापांचा आवाज नाही. चाकांचाही नाही. फक्त इतकंच. गाडी, धूर, एक मागून मारलेला लाईट, आणि आवाज काढून टाकण्याचं धाडस. आज हातात शंभर ट्रॅक असताना एकही न वापरणं किती दिग्दर्शकांना जमेल?

बावाचा 'ऑपेरात्सिओने पाउरा' (१९६६, इंग्रजीत 'किल, बेबी... किल!') हा तर गरिबीतून आलेल्या कल्पकतेचा कळस. निर्मात्याचे पैसे मध्येच संपले, मंडळींनी पगार न घेता काम पुरं केलं. भूत म्हणून एक लहान मुलगी, पांढरा फ्रॉक आणि उसळणारा चेंडू. ती भूमिका एका मुलाला दिली होती. चेहऱ्यात काहीतरी जुळत नाही असं वाटत राहतं ते त्यामुळेच असेल. बाहेरची दृश्यं रोमच्या उत्तरेला कड्यावर वसलेल्या काल्काता गावातली. त्यातला नायक वाड्यात एका माणसाचा पाठलाग करतो: दारातून आत, खोली ओलांडून दुसऱ्या दारातून बाहेर, पुन्हा तीच खोली, पुन्हा तेच दार. वेग वाढत जातो, अंतर कमी होतं, शेवटी तो पुढच्या माणसाला पकडतो आणि वळवून पाहतो तर तो स्वतःच. आता हे निर्मितीच्या नजरेने पाहा. एक खोली, दोन दारं, एक नट. दुसरी खोली बांधायला पैसे असते तर हा प्रसंग सुचला असता का, याबद्दल मला शंका आहे. लोकेशन मॅनेजर सकाळी येऊन म्हणतो की दुसरी खोली मिळत नाहीये, तेव्हा मी स्वतःला याच पाठलागाची आठवण करून देतो.

इतकं सगळं असूनही कंटाळा का येतो? लांबी भरावी लागते म्हणून. जोडीने दाखवायच्या चित्रपटालाही सत्तर-ऐंशी मिनिटं लागतातच, आणि भीतीचे प्रसंग महाग असतात, कारण त्यांना मेकअप, युक्त्या आणि पुन्हा पुन्हा टेक लागतात. उरलेला वेळ स्वस्त गोष्टींनी भरायचा. सगळ्यात स्वस्त काय? मेणबत्ती घेऊन दालनातून चालणारी बाई. एक नटी, संवाद नाहीत, उभा असलेला सेट, एका लाईटिंगमध्ये पाच मिनिटांचा माल. बावासारखा माणूस असेल तर ते चालणंच चित्रपटाचा गाभा होतं, कारण प्रत्येक वळणावर उजेड बदलतो. नसेल तर ते नुसतं चालणं राहतं. दुसरी स्वस्त गोष्ट म्हणजे खुर्चीत बसून इतिहास सांगणारा डॉक्टर किंवा धर्मगुरू. तिसरी, तरुण जोडपं. त्या जोडप्याला पटकथेत काही कामच नसतं, आणि या साच्यातल्या चित्रपटांचा तो सगळ्यात दुबळा अवयव आहे असं माझं ठाम मत आहे. 'अशर'चा नायकही यातून सुटत नाही. वाड्याच्या मालकाचं काम करणारा व्हिन्सेंट प्राइस फ्रेममध्ये नसला की हवा जाते.

पैसे कुठेच लावायचं ठरलं नसेल तर काय होतं, ते कॉर्मनच्याच 'द टेरर'मध्ये (१९६३) दिसतं. त्याच्याच 'द रेव्हन'चं शूटिंग संपत आलं होतं, सेट उभे होते, भयपटांतला मुरलेला नट बोरिस कार्लॉफ हाताशी होता. ते वाया कशाला घालवायचे म्हणून, धड पटकथा नसताना, काही दिवसांत कार्लॉफचे प्रसंग उरकून घेतले. तो दालनांतून येतो, जातो, काहीबाही बोलतो. मग पुढचे कित्येक महिने वेगवेगळ्या माणसांनी मधले दुवे शूट केले. त्यात फ्रान्सिस कोपोला होता, माँटी हेलमन होता, जॅक हिल होता. तरुण जॅक निकल्सन नायक. सगळं जोडल्यावर कथा कुणालाच लागेना, तेव्हा एक प्रसंग नव्याने घातला: निकल्सन डिक मिलरला धरून विचारतो की इथे नेमकं चाललंय काय, आणि तो समजावून सांगतो. तरीही ती लागत नाही. समुद्रकिनाऱ्याची काही दृश्यं सुरेख आहेत, कार्लॉफ शेवटपर्यंत मन लावून काम करतो, पण चित्रपट म्हणून तो उभा राहत नाही. प्रतीवर हक्काची नोंद न टाकल्यामुळे तो अमेरिकेत सार्वजनिक मालकीचा झाला. म्हणून सगळीकडे फुकट मिळतो, आणि म्हणूनच बरेच लोक सुरुवात नेमकी इथून करतात. तुम्ही करू नका. त्यातून एक चांगली गोष्ट मात्र निघाली. कार्लॉफचे कॉर्मनकडे दोन दिवस बाकी होते. ते आणि 'द टेरर'चे तुकडे वापरायचे या अटीवर पीटर बोग्दानोविचला पहिला चित्रपट मिळाला, 'टार्गेट्स' (१९६८). त्यात कार्लॉफ एका थकलेल्या भयपट-नटाचं काम करतो, आणि ते त्याच्या उतारवयातलं फार मोठं काम आहे.

आपल्याकडचं याचं नातं म्हणजे रॅमसे बंधू. सात भाऊ: कुमार लिहिणार, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजाला, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, बाकीचेही याच कामांत. 'दो गज़ ज़मीन के नीचे' (१९७२) त्यांनी महाबळेश्वरला, तिथल्याच विश्रामगृहात राहून केला. हॅमरकडे सेट होता, यांना सेट परवडणारा नव्हता, म्हणून खरे बंगले, खरे वाडे. गंगू रॅमसेच्या लाल-निळ्या जेली आणि मागून लाईट मारलेला धूर पाहिला की घराणं कोणतं ते लगेच कळतं. पण त्यांच्यापुढची अडचण हॅमरपेक्षा मोठी होती. इथल्या वितरकाला मध्यंतर हवं, गाणी हवीत, सव्वादोन-अडीच तास हवेत. ऐंशी मिनिटांचा गॉथिक चित्रपट त्या काळी इथे विकलाच गेला नसता. त्यामुळे 'पुराना मंदिर'मध्ये (१९८४) सामरी या राक्षसाची भीती एका बाजूला आणि जगदीपचं 'शोले'छाप विनोदी उपकथानक दुसऱ्या बाजूला. ते उपकथानक म्हणजे आपली मेणबत्तीवाली बाई. फक्त ती दालनातून अर्धा तास चालते. तो चित्रपट जोरात चालला, हेही खरं. सामरीचं सुरुवातीचं प्रकरण आणि वाड्यातले रात्रीचे प्रसंग तेवढे वेगळे काढून पाहिले तर गंगूच्या कामाला त्याच्या हयातीत मिळायला हवा होता तेवढा मान मिळाला नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

काही गोष्टी मात्र बजेटच्या खात्यावर मांडता येणार नाहीत. या चित्रपटांत वासना दाखवणारी बाई बहुतेक वेळा मारली जाते, आणि कॅमेरा ते चवीने पाहतो. भय परदेशातून येतं, पूर्वेकडून येतं. 'द रेप्टाइल'मध्ये पूर्वेच्या एका सर्पपंथाचा शाप इंग्रज घरात शिरतो. हॅमरनेच १९५९ मध्ये 'द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे' काढला, ठगांवर, दिग्दर्शक फिशरच. तो गॉथिक नाही, पण त्यातला हिंदुस्थान थेम्सकाठच्या त्याच आवारात उभा केला होता, आणि पाहताना आपल्याला तो टोचतो. टोचू द्यावा. उलट 'द प्लेग ऑफ द झाँबीज'मध्ये गावचा जमीनदार मेलेल्या माणसांना उठवून आपल्या कथलाच्या खाणीत फुकट राबवतो. तिथे भीती कुणाची, हे चित्रपटाला स्वच्छ कळलंय. कबरींतून हात वर येण्याचा त्यातला स्वप्नप्रसंग, कलत्या कॅमेऱ्याने घेतलेला, या सगळ्या काळातल्या उत्तम प्रसंगांत मी धरतो.

'इतके वाईट की मजा येते' असं म्हणून चार मित्रांत हसत पाहण्याची एक पद्धत आहे. मला ती आवडत नाही. हसणाऱ्याला वटवाघळाची दोरी दिसते आणि त्याच फ्रेममधला मागचा जांभळा उजेड दिसत नाही. दोरी कुणालाही दिसते.

आता सुरुवात. पहिला 'ब्लॅक संडे'. मग १९५८ चा 'ड्रॅक्युला', मग 'हाउस ऑफ अशर'. हे तीन आवडले तर 'किल, बेबी... किल!' आणि 'द प्लेग ऑफ द झाँबीज'. धुक्याची आवड असेल तर ब्रिटनचा 'द सिटी ऑफ द डेड' (१९६०): सगळं गाव शेपर्टन स्टुडिओच्या आत उभं केलेलं, कॅमेरा डेस्मंड डिकिन्सनचा, ज्याने लॉरेन्स ऑलिव्हिएचा 'हॅम्लेट' चित्रित केला होता. काहीच न दाखवता घाबरवण्याचा मार्ग पाहायचा तर मागे जाऊन व्हॅल ल्यूटनची निर्मिती असलेला 'कॅट पीपल' (१९४२) पाहा. निर्मितीसंस्थेने नाव आधी ठरवून दिलं आणि दीड लाख डॉलरची मर्यादा घातली. ल्यूटनच्या मंडळींनी ऑर्सन वेल्सच्या 'द मॅग्निफिसंट अँबर्सन्स'चा जिना वापरला, आणि रस्त्यावरून चालणाऱ्या बाईच्या मागावर पायांचा आवाज आणून तो मध्येच बंद केला. नंतर काय येतं ते सांगत नाही.

प्रतीबद्दल मी हट्टी आहे. हे सगळे चित्रपट उजेडावर उभे आहेत, आणि वर्षानुवर्षं ते टीव्हीसाठी काढलेल्या, कडा कापलेल्या, करड्या पडलेल्या प्रतींवरून पाहिले गेले. 'अशर' रुंद पडद्याचा आहे. दोन्ही बाजू कापल्या तर चार नटांमधलं अंतर जातं, आणि घराचं एकटेपण त्या अंतरातच आहे. खराब प्रतीत धुक्याचा चिखल होतो, काळा रंग राखाडी होतो, आणि मग सेट खरंच पुठ्ठ्याचा दिसतो. म्हणून फुकट मिळणारी पहिली प्रत उघडू नका, दुरुस्त केलेली आवृत्ती शोधा. १९५८ च्या 'ड्रॅक्युला'च्या बाबतीत तर जपानमधल्या संग्रहात आगीतून वाचलेली काही रिळं सापडली आणि सेन्सॉरने उडवलेले क्षण परत जोडता आले, त्यामुळे नवी आवृत्ती जुनीपेक्षा वेगळीच आहे. खोलीत अंधार करा, टीव्हीचा 'व्हिव्हिड' मोड बंद करा, फोनवर पाहू नका.

इटालियन चित्रपट मूळ भाषेत पाहावेत की इंग्रजी डबिंगमध्ये, यावर लोक फार वाद घालतात. त्या काळी तिथे आवाज सेटवर घेतच नसत, नंतर स्टुडिओत भरत. 'ब्लॅक संडे'च्या इंग्रजी आवृत्तीतही बार्बरा स्टीलचा स्वतःचा आवाज नाही, इटालियनमध्ये तर नाहीच. अमेरिकेत १९६१ मध्ये लागलेल्या आवृत्तीत संगीतही बदलून लेस बॅक्स्टरचं घातलं होतं. मी इटालियन आवृत्ती निवडतो, कारण तिच्यातलं रोबेर्तो निकोलोसीचं संगीत कमी वाजतं आणि घोडागाडीच्या प्रसंगाला जी शांतता लागते ती तिथे जास्त मिळते. सबटायटल वाचताना फ्रेमचा वरचा भाग सुटतो असं वाटलं तर इंग्रजी घ्या. डोळे उजेडावर राहिले पाहिजेत, संवादांत गमावण्यासारखं फारसं काही नाही.